बाराव्या भागाचा शेवट

कुणी गोष्ट सांगत असेल आणि तिचा शेवट फसणार असं मला दिसू लागलं, की माझे पाय हलायला लागतात. वय झालं तरी ही खोड गेली नाही. माझा नातू भुतांचे, परग्रहांचे, जादूगारांचे ते मोठमोठे सिनेमे पाहतो. एकेकाचे आठ-आठ, नऊ-नऊ भाग. मग मित्रांशी तासभर फोनवर भांडतो, की चौथ्या भागानंतर सगळी माती झाली. त्याची आई चिडते. मी चिडत नाही. मी विचारते, "चौथ्यात काय झालं रे?" तो सांगतो, मी म्हणते, त्या बाईला तिथे मारायला नको होतं, आणि मग आम्ही दोघं भांडतो. मला भांडायला आवडतं. फक्त तो जेव्हा म्हणतो, "आजी, मग तू शेवट बदलून सांग ना," तेव्हा मी काहीतरी काम काढून उठते.

ही सवय मला माहेरी, अड्याळला लागली. आठवडी बाजारात कापडवाल्यांच्या ओळीच्या टोकाला एक माणूस लोखंडी पेटी उघडून बसायचा. पेटीत भाड्यानं द्यायची पुस्तकं, तळहाताएवढी, पिवळ्या कागदाची. त्यात भुताखेतांची एक मालिका होती. तिचं नाव लिहीत नाही, उगाच कुणी शोधायला जाईल. एक चेटकीण, एक फौजदार आणि एक आटलेली विहीर, एवढ्या भांडवलावर लेखकानं बारा भाग काढले. दर भागात एक लेकरू नाहीसं व्हायचं, फौजदार माग काढायचा, चेटकीण हातावर तुरी द्यायची आणि शेवटच्या पानावर कुठलंतरी दार वाजायचं. पुढचा भाग येईपर्यंत माझ्या डोक्यात ते दार वाजत राहायचं. जेवताना वाजे, गणित सोडवताना वाजे. आई म्हणे, "या पोरीच्या पायाले भिंगरी लावली का कोनं?"

शाळेत जाता-येता मैत्रिणीशी माझं याच्यावरून वाजायचं. ती फौजदाराकडची. माझं म्हणणं, फौजदार शुद्ध मूर्ख आहे. सहा वेळा विहिरीत कंदील घेऊन उतरतो आणि सहाही वेळा कंदील विझतो, तरी सातव्यांदा तोच कंदील घेऊन जातो. तिसरा भाग सगळ्यात चांगला, कारण त्यात चेटकिणीला ताप येतो आणि ती एकटी पडून असते. सातवा टाकाऊ, कारण लेखक उगाच सगळ्यांना मुंबईला घेऊन गेला. आणि मुखपृष्ठावरची चेटकीण लाली लावलेली, नट्यांसारखी, हा तर मला स्वतःचा अपमान वाटायचा. मैत्रीण म्हणायची, पुस्तकच आहे ते. हे वाक्य मला तेव्हाही सहन व्हायचं नाही.

मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन दिघोरीच्या पलीकडच्या एका गावात आले. त्याही गावाचं नाव नको; तिथली माणसं अजून आहेत, भेटली की प्रेमानं बोलतात. धानाचं गाव. वर तलाव, खाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. तिथे सुनेला तिच्या नावानं हाक मारायची रीत नव्हती. जिथून आली ते गाव तिला चिकटायचं. मी अड्याळवाली. माझ्या शेजारची पवनीवाली. माझं नाव तिथे पहिली चार वर्षं माझ्या नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही फारसं लागत नव्हतं.

मला तिथे जीव रमवता येईना. माणसं वाईट नव्हती. सासू तोंडानं फटकळ होती पण ताटात कधी कमी केलं नाही. नवरा सज्जन. पण वाचायला काही नव्हतं, कॅलेंडरसुद्धा दोन वर्षं जुनं. मी त्याच्या मागची औषधाची जाहिरात पाठ केली होती. भाऊ कधी आला तर पेटीवाल्याकडून मालिकेचा नवा भाग आणायचा आणि मी तो तांदळाच्या कोठीमागे दडवून ठेवायची. माझी नणंद नववीत होती, तिला मी वाटेकरीण करून घेतलं. दोघींत मिळून एक चोरी असली की सासर थोडं सुसह्य होतं.

आषाढात रोवणा सुरू झाला. धानाची रोपं, म्हणजे परहे, उपटून पेंड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत ओळीनं उभं राहून मागे मागे सरकत रोवायचे. पंधरा-वीस बाया एका ओळीत. आज आमच्या शेतात, उद्या पवनीवालीच्या, परवा आणखी कुणाच्या. एकमेकींकडे सगळ्या जायच्या. पाठीवर पोत्याची खोळ, पायाखाली चिखलाचा गारा आणि दिवसभर कंबर वाकलेली. गाणी असत, पण गाणी संपतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गाणी संपली आणि माझ्यानं राहवेना. वाकल्या वाकल्या मी मालिकेचा पहिला भाग सांगायला सुरुवात केली.

चिखलात हात शिरण्याचा आवाज तेवढा येत होता. मी विहिरीपाशी आणून सोडलं आणि म्हटलं, आता धुरा लागल्यावर पुढचं. धुरा म्हणजे बांधीचा बांध. बायांनी अशी बांधी उरकली की माझी सासू धुऱ्यावर उभी राहून पाहतच राहिली. तो आमचा नियम ठरून गेला: एका बांधीला गोष्टीचा एक तुकडा, आणि तुकडा संपण्याआधी कुणी पान खायला थांबायचं नाही. गावात बोलबाला झाला की अड्याळवाली ज्याच्या शेतात त्याचा रोवणा दोन दिवस आधी आटोपतो. लोक मला आधी बोलवायला येऊ लागले. खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली होती.

आणि मतं! शाळेतली मैत्रीण यांच्यापुढे काहीच नव्हती. गोष्टीच्या तिसऱ्या दिवसापासून ओळीत दोन तट पडले. डाव्या बाजूला चेटकिणीकडच्या, उजव्या बाजूला फौजदाराकडच्या, आणि सकाळी बांधीत उतरताना बाया आपापला तट पाहून जागा धरायच्या. पवनीवाली माझ्या तटातली. ती म्हणायची, "थे काही हौसेनं नाई खात लेकरं. उपाशी असन. गावानं तिले एक दिवस तरी भाकर देल्ली का?" दुसरी कुणी म्हणे, "पन रोज पांढरं लुगडं कुठून आनते वो? हिरीत धोबी हाय का?" त्यावर हसून हसून एक बाई चिखलात बसली. एकीला लेखकाचाच राग यायचा. "या मानसाले घर-संसार हाय का नाई? दर खेपेस दार वाजवून पळून जाते."

फौजदाराच्या तटाची पुढारीण होती चिखलावाली. ओळीचं उजवं टोक तिचं. जी टोकाला असते तिच्या हातावर सगळी ओळ चालते, आणि तिच्यासारखा हात अख्ख्या गावात नव्हता. पन्नाशीची, विधवा, सडपातळ. तिचा बाप चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता, आता भाऊ होता. तिचं लहानपण खाणीच्या कॉलनीत गेलेलं. त्यामुळे विहिरीबद्दल तिला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. "आटल्या हिरीत हवा नसते," ती म्हणाली. "दिवा विझते तिथं मानूस मरते. थे तिथं रायतेच कशी? आन थो फौजदार सात डाव उतरते, त्याले कोनी सांगत कसं नाई?" हे मी कितीतरी वर्षं म्हणत होते, पण कारण मला ठाऊक नव्हतं. मला तिचा फार हेवा वाटला.

एवढी शहाणी बाई फौजदाराकडची कशी, हे मात्र मला कळेना. मी तिला बांधीत छेडायची. "तुमचा फौजदार आज पुन्हा पडला वो हिरीत."

"पडू दे. पन धरन. पाहाजो तू."

"धरून काय करन?"

"धरली पाहिजे," ती म्हणायची. तिचे हात थांबत नसत. "खरी हाय थे धरली पाहिजे. तवा बाकीच्यायचं मिटते."

बाकीच्यांचं म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. वीस वर्षांची होते, आपल्याच गोष्टीच्या तोऱ्यात.

तोवर गावात काय बोललं जात होतं ते मला अर्धवट माहीत होतं. चिखलावालीच्या नवऱ्याच्या दोन बांध्या अगदी तलावाखाली, हमखास पाण्याच्या. शेजारची जमीन तिच्या दिराची. त्या उन्हाळ्यात दिराचा लहान नातू हगवणीनं दोन दिवसांत गेला. त्याच्याआधी दुसऱ्या घरचं एक लेकरू गेलं होतं. उन्हाळ्यात तलावाच्या तळाचं पाणी पिऊन लेकरं जातच होती, दर वर्षी जात होती. पण या वेळी दिराच्या तोंडून एक शब्द निघाला आणि तो हळूहळू घरोघर जाऊन बसला. सासूनं मला चुलीपाशी सांगितलं, "चिखलावालीच्या हातचं पानी पेऊ नोको. करनी करते मनतेत." मी म्हटलं, असलं काही नसतं. आणि दुसऱ्या दिवशी बांधीत सगळ्यांदेखत तिच्या गडव्यातलं पाणी घटाघटा प्याले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सासू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

रोवणा अर्ध्यावर आला तेव्हा माझे अकरा भाग सांगून संपत आले होते. बाया विचारू लागल्या, बारावा कधी? मलाही माहीत नव्हतं काय होणार, आणि माझी झोप उडाली होती. भावाला मी निरोपावर निरोप पाठवले. शेवटी एका दुपारी तो पावसात भिजत आला, पुस्तक पिशवीत गुंडाळून. त्याला चहा दिला की नाही तेही आठवत नाही. भात चुलीवर ठेवला आणि तिथेच बसून वाचायला घेतलं. शेवटचं पान आलं तेव्हा भात करपून कोळसा झाला होता.

आणि मी संतापले. बारा भाग! बारा भाग मी त्या लेखकाच्या मागे हिंडले आणि त्यानं शेवटी काय केलं, तर गावकऱ्यांनी चेटकिणीला विहिरीतून दोरानं ओढून काढलं, फौजदार बाजूला उभा राहिला आणि तिला जाळलं. दोन पानांत. नंतर अर्धं पान उपदेश. तिसऱ्या भागात जिला ताप आला होता, जी एकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचं काय झालं? कंटाळला होता मेला, दुसरं काही नाही. मला रडू आलं. सासूला वाटलं, करपलेल्या भातासाठी रडतेय, आणि तिनं पहिल्यांदाच माझी समजूत काढली.

त्या रात्रीच मी ठरवलं की हा शेवट सांगायचा नाही. आज विचारलं तर मी म्हणू शकेन की चिखलावालीसाठी ठरवलं; बायांच्या ओळीत बाई जाळल्याची गोष्ट कशी सांगायची, म्हणून. तेही थोडं मनात होतं. पण खरं कारण तेवढं मोठं नव्हतं. मला तो शेवट आवडला नव्हता. मला वाटलं, याच्यापेक्षा मी बरा करीन.

दुसऱ्या दिवशी रोवणा आमच्याच मोठ्या बांधीत होता. सगळ्या वेळेआधी आल्या. मी रंगवून सांगितलं. फौजदार आठव्यांदा उतरतो, या वेळी कंदिलाशिवाय. ही चिखलावालीला माझी भेट होती. अंधारात त्याला एक म्हातारी सापडते, तापानं फणफणलेली. ती चेटकीण नसतेच. कधीच नव्हती. गावानं हाकलली म्हणून विहिरीत लपलेली एक बाई. फौजदार तिला खांद्यावर घेऊन वर येतो आणि सगळ्या गावासमोर हात जोडून तिची माफी मागतो. संपलं. मी मान वर करून पाहिलं, आता काय म्हणतात.

सगळ्यांचे हात थांबले होते. मग पवनीवाली, माझ्या तटातली पवनीवाली, सावकाश म्हणाली, "मंग लेकरं कोनं खाल्ली?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. बारा लेकरं नाहीशी झाली होती. ती मी रोज, बांधीमागून बांधी, या बायांसमोर एकेक करून नाहीशी केली होती. कुठल्या लेकराच्या गळ्यात काळा दोरा होता तेही सांगितलं होतं. आणि आता मी म्हणत होते की हिनं नाही.

"असंच मेली असतीन," मी म्हटलं. "आजारानं."

"बारा लेकरं असंच?"

"मंग कोनी दुसरी असन," कुणीतरी म्हणालं. "गावातलीच. चांगली मिसळून रायनारी."

"वरून कोनाले काय दिसते."

हे बोलताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पण ओळीचं उजवं टोक चिखलात एकटं पडत गेलं; तिच्या शेजारची बाई दोन हात इकडे सरकली आणि तिच्या शेजारचीही. चिखलावाली रोवत राहिली. मधेच तिनं माझ्याकडे मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेली होती ती. मी तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परह्याच्या पेंड्या हातोहात जायच्या त्या तिच्यापर्यंत गेल्या नाहीत. तिच्या बाजूला नुसत्या फेकल्या गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी दिरानं कुठून तरी एक भगत आणला. तो दोन घरं हिंडला, तांदूळ टाकले आणि म्हणाला, चार दिवसांत सांगतो. मला खाणं जाईना. नणंद मला म्हणाली, "वयनी, तुमी उगाच घाबरता. गोष्टीनं का होते?" मला वाटलं तिच्या थोबाडीत मारावी, आणि वाटलं की ती म्हणते ते खरं असावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासू बाहेर गेलेली असताना चिखलावाली मागच्या वाडीतून आली. दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, "थ्या पुस्तकात खरं का हाय?"

मी कोठीमागून पुस्तक काढलं आणि उंबऱ्यावर बसून तिला शेवटची पानं वाचून दाखवली. दोर, विहीर, लाकडं, फौजदार. मी वाचताना थांबत होते, ती म्हणत होती, वाच. पूर्ण झाल्यावर तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला. बरं वाटल्यासारखा.

"मंग सापडली ना थे," ती म्हणाली. "धरली, जाळली, झालं. हे काहून नाई सांगतलं तू? हे सांगतलं असतं त झगडा मिटत होता. गोष्ट संपली असती त बाया घरी गेल्या असत्या. तुनं त तिले मोकळी सोडून देल्ली बापा, आमच्यात."

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.

"मले?" ती म्हणाली. मग जायला वळली. "उद्या सांगजो. पुस्तक घेऊन येजो, म्हनजे पटन."

दुसऱ्या दिवशी पवनीवालीच्या शेतात गेले, पुस्तक पदरात बांधून. शनिवार होता, शाळा सकाळची म्हणून दुपारी नणंदेलाही नेलं. मी वाचलं तर म्हणतील हिच्याच मनचं. बाया, त्यांच्यात माझी सासूही, धुऱ्यावर भाकरी खायला बसल्या होत्या. चिखलावाली लांब, एकटी, बांधीतच उभी होती. जेवायला वर आलीच नाही. मी म्हटलं, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं, खरा शेवट वेगळा आहे, आणि नणंदेला वाचायला लावलं. तिनं शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत वाचलं. ओढली, बांधली, जाळली. गाव सुखी झालं. बायांनी भाकरीचा घास हातात धरून ऐकलं.

मला वाटलं, झालं.

पवनीवालीनं हात धुतले. माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं. "पुस्तकात जाळली हाय," ती म्हणाली. "छापली हाय. मंग पोरी, तुनं तिले वाचवली काहून? तुह्या तोंडून थे कोन बोलवलं?"

एकदम सगळ्याच बोलू लागल्या. ही चिखलावालीच्या हातचं पाणी प्यायली होती. सगळ्यांसमोर प्यायली होती. त्यानंतरच भात करपला, नाही का, सासूच सांगत होती. पोरगी त्या दिवशी चुलीपाशी रडत बसली होती, कारण विचारलं तर सांगेना. मॅट्रिक झालेली पोरगी, तिला काय वाचता येत नाही? छापलेलं सोडून भलतंच बोलते म्हणजे कुणीतरी बोलवतंय. किती नीट जुळत होतं सगळं. बारा भागांत त्या लेखकाला असं जुळवता आलं नव्हतं.

मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. मला तो शेवट आवडला नाही, म्हणून मी बदलला. ते माझ्या तोंडात आलंही होतं. पण मला आधीच दिसत होतं की हे त्यांना पटणार नाही. गोष्टीचा शेवट आवडला नाही म्हणून कुणी बाई खोटं बोलते? एवढ्यासाठी? आणि पटलं नाही, तर मग दुसरा प्रश्न येणार: ही त्या बाईला सांभाळते का? हिचं तिचं काय? मी पाहिलं, सासू माझ्याकडे पाहत होती आणि तिची मान अगदी थोडी, नाही म्हणून हलली.

"पोरगी भोळी हाय," सासूच बोलली. "बाहेरून आलेली. तिले का समजते. सोडा तिले."

"तेच म्हनतो आमी," पवनीवाली म्हणाली. "तिचा का दोष?"

मी गप्प राहिले. चिखलावाली बांधीत उभी होती, हातात परह्याची पेंडी, आणि माझ्याकडे पाहत होती. ती वाट पाहत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नणंदेनं पुस्तक मिटलं, बायांनी भाकरीची फडकी बांधली, एवढा वेळ. मग तिनं पेंडी पाण्यात ठेवली, पलीकडच्या धुऱ्यावर चढली आणि गावाकडे निघाली. आम्ही सगळ्या बांधीत उतरलो. मीही उतरले. माझी बोटं रोवत होती आणि मला माझीच किळस येत होती.

भगत पुन्हा येण्याआधी तिचा भाऊ चिखल्याहून आला आणि तिला घेऊन गेला. तिला कुणी हात लावला नाही, एवढं बरं झालं, असं गाव अजून म्हणतं. तलावाखालच्या दोन बांध्या त्याच हंगामात दिरानं रोवल्या. रोवायला आम्हीच होतो. मी गोष्ट सांगितली नाही, आणि कुणी सांग म्हणालं नाही.

पुढे सहा-सात वर्षांनी, मुलगा शाळेत जाऊ लागला होता तेव्हा, मी एका लग्नाला तुमसरला गेले होते. परतताना बसस्टँडवर ती दिसली. केस पिकले होते, पण मी लांबून ओळखलं. वाटलं, तोंड फिरवावं. तिनंच हाक मारली, "अवो अड्याळवाली." माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, सासू कशी आहे विचारलं, नणंदेचं लग्न कुठे झालं विचारलं. भावाकडे बरी आहे म्हणाली, कॉलनीत नळ आला आहे. तिची गाडी लागली, तशी ती पिशवी उचलून उभी राहिली. मग थांबली.

"तुले थो शेवट आवडला नवता," ती म्हणाली. "इतकंच होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "तुनं म्हनाचं होतं वो."

कंडक्टर ओरडला आणि ती गाडीत चढली.